उडत्या चालीच्या गाण्याचा मान

१९९८ सालच्या फेब्रुवारी महिन्यात इंग्लंडातील ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीच्या क्रमवारीत ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ हे गाणे पहिल्या स्थानी जाऊन बसले, आणि ज्या राष्ट्राच्या अमलाखाली आमच्या कित्येक पिढ्या वाढल्या त्या राष्ट्राच्या नृत्यगृहांतून, सांगलीस जन्मलेल्या आणि वडिलांच्या निधनानंतर कोवळ्या वयातच गाण्यावर पोट भरू लागलेल्या एका मराठी गायिकेचे नाव, जिभेला वळेल तशा उच्चाराने का होईना, दुमदुमू लागले. त्या गाण्यातील आशा म्हणजे आशा भोसले. आपल्याकडे या वार्तेचे स्वागत झाले ते प्रामुख्याने अभिमानाने. परदेशात आपल्या माणसाचा सन्मान झाला, एवढ्या एका वाक्यात आपण ती घटना दप्तरदाखल करून टाकली. त्या अभिमानात वावगे काही नाही. परंतु मावळात राहून, बोरघाट चढून येणाऱ्या वाहनांतली गाणी वर्षानुवर्षे कानांवर घेत आलेल्या माझ्यासारख्या श्रोत्यास त्या गाण्याचा व त्याच्या स्वागताचा इतिहास निराळ्याच कारणासाठी मोलाचा वाटतो. आनंदाचे, उडत्या चालीचे गाणे आपण किती बेपर्वाईने ऐकतो, आणि त्यात जे सांगितलेले असते त्याकडे किती सहज पाठ फिरवतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे मला आढळलेले नाही.

गाणे रचणारा तजिंदर सिंग हा इंग्लंडातील वुल्व्हरहॅम्प्टन शहरी पंजाबी कुटुंबात जन्मलेला. त्याने बेन एअर्स प्रभृती मित्रांसह उभ्या केलेल्या चमूचे ‘कॉर्नरशॉप’ हे नावच मुळी, हिंदुस्थानातून आलेला माणूस म्हणजे गल्लीच्या कोपऱ्यावरचा दुकानदार, या तिकडच्या रूढ समजुतीला दिलेले उत्तर होते. १९९२ साली मॉरिसी या नामांकित गायकावर वर्णद्वेषी प्रतीकांशी लगट केल्याचा आरोप झाला, तेव्हा या तरुणांनी त्याच्या ध्वनिमुद्रण कंपनीच्या कचेरीसमोर त्याचे चित्र जाळले होते. इतका धगधगता स्वाभिमान बाळगणाऱ्या मंडळींच्या हातून पुढे पाच वर्षांनी जे प्रसन्न, हसरे गाणे निपजले, ते निव्वळ चार घटकांच्या करमणुकीसाठी निपजले असेल असे मानणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

आणि खरोखर, त्या गाण्याचे शब्द निवांतपणे ऐकले तर त्यात केवढा संसार मांडलेला आहे! चित्रपटाच्या पडद्यामागे चाललेले नाचगाणे, त्या पडद्यावरील नटीला आपला कंठ देणारी न दिसणारी गायिका, तिच्या स्वराने उजळून निघणारे रस्ते आणि चित्रगृहातील वाटा, दमल्या जिवाला डोके टेकण्यासाठी एखादी कुशी लागतेच असे सांगणारे ध्रुपद, आणि मिनिटाला ४५ फेरे घेणारी ती लहान तबकडी, जिच्यावर एका बाजूस एक अशी दोन गाणी मावत. शेवटाकडे एक लांबलचक फेरिस्त येते, आणि तिच्यात लता मंगेशकर आहेत, मोहम्मद रफी आहेत, त्याचबरोबर ऑल इंडिया रेडिओ आहे, रेडिओ व कॅसेट एकत्र वाजवणारा टू-इन-वन आहे, फर्ग्युसन कंपनीचा एककर्णी संच आहे, जमैकाचे संगीत इंग्लंडात पोहोचवणारी ट्रोजन ही तबकडी कंपनी आहे आणि फ्रान्सचा एक गायकही आहे. स्थलांतर केलेल्या घरातला मुलगा, मायभूमीचे संगीत ज्या ज्या यंत्रांतून आणि ज्या ज्या व्यक्तींकडून त्याच्यापर्यंत पोहोचले त्या सर्वांचे ऋण, एकही नाव न विसरता, येथे फेडतो आहे. त्या फेरिस्तीच्याही आधी एक कडवे असे येते की ज्यात, सरकारचे इशारे, साध्या राहणीचा सरकारी पुरस्कार आणि सरकार बांधीत असलेली धरणे, या कशाचीही आम्हाला तमा नाही, असे गाणारा बेदरकारपणे सांगून जातो. धरणांचा हा उल्लेख मावळच्या माणसाच्या कानाला लागल्यावाचून राहत नाही. त्याच्याकडे मी पुढे येईन.

आता या गाण्याचे स्वागत कसे झाले ते पाहावे. १९९७ च्या ऑगस्टात ते प्रथम स्वतंत्र तबकडी म्हणून निघाले, तेव्हा त्याची चाल संथ होती, गिटार अंगणात बसून वाजवल्यासारखी मोकळी होती, आणि इंग्लंडच्या क्रमवारीत ते ६० व्या स्थानापलीकडे गेले नाही. जाणकार श्रोत्यांना मात्र ते तेव्हाच कळले होते. बीबीसीवरील जॉन पील या साक्षेपी निवेदकाच्या श्रोत्यांनी त्या वर्षाच्या अखेरीस आपल्या आवडत्या गाण्यांत त्यालाच पहिला मान दिला. पुढे नॉर्मन कुक या संगीतकाराने, ज्याला जग फॅटबॉय स्लिम या नावाने ओळखते, त्या गाण्याचा वेग वाढवला, स्वर वर चढवला, त्याखाली ठसकेबाज ताल घातला, आणि जे गाणे साठाव्या पायरीवर थबकले होते ते या नव्या वेषात थेट शिखरावर जाऊन एक आठवडा तेथे राहिले. कुकने काही अपराध केला असे माझे म्हणणे नाही; त्याचा ताल मलाही आवडतो, आणि त्याच्यावाचून ते गाणे घाट ओलांडून आमच्यापर्यंत आले असते की नाही याची शंका आहे. पण त्या वेगात नाचणाऱ्यांपैकी किती जणांना आशा हे एका जिवंत गायिकेचे नाव आहे आणि त्याच शब्दात आशेचा अर्थही भरलेला आहे याचा पत्ता होता, किती जणांना ४५ हा आकडा कशाचा ते ठाऊक होते, आणि धरणांचे ते वाक्य किती जणांच्या कानी शिरले, हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा पडतो. कुशीचे ते ध्रुपद तर अनेकांनी केवळ चावट म्हणून हसण्यावारी नेले. कौतुक पुष्कळ झाले. श्रवण फारच थोडे झाले.

इंग्लंडातील श्रोत्यांना दोष देणे सोपे आहे, कारण त्यांना आपली भाषा आणि आपला इतिहास माहीत नव्हता. आपणास तर दोन्ही माहीत होते. तरीही ज्या आवाजाच्या उल्हासाने तो परदेशस्थ मुलगा मोहून गेला, त्या उल्हासाला आपल्या सुसंस्कृत अभिरुचीने किती काळ दुय्यम लेखले! आशाताईंनी १९४३ साली ‘माझं बाळ’ या मराठी चित्रपटासाठी दत्ता डावजेकरांकडे पहिले गाणे गायिले, त्यानंतर ओ. पी. नय्यर यांच्या ठेक्यावर, राहुलदेव बर्मन यांच्या धिटाईच्या रचनांत, पुढे वयाच्या बासष्टाव्या वर्षी रेहमान यांच्या ‘रंगीला’त, त्यांनी उडत्या गाण्याला जे चैतन्य दिले त्याला तोड नाही. चित्रपट व्यवसायाने त्यासाठी त्यांना पारितोषिके दिली, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. परंतु राष्ट्रीय पुरस्काराचा सन्मान त्यांच्याकडे चालून आला तो १९८१ च्या ‘उमराव जान’मधील गझलांसाठी आणि १९८७ च्या ‘इजाजत’मधील एका विषण्ण गीतासाठी. त्या गाण्यांची थोरवी वादातीत आहे. तथापि, आशा आता गंभीर गाऊ लागल्या, आता त्यांच्यातील खरी कलावती प्रकट झाली, असा जो सूर तेव्हा जाणत्यांच्या बैठकींत निघत असे, त्यात आधीच्या तीस-पस्तीस वर्षांच्या कामाचा नकळत अवमान होता. श्वासाची फेक, शब्दाची कड, तालाच्या मात्रेला किंचित चकवून पुन्हा नेमके समेवर येणे, ही द्रुत गाण्यातील कसरत विलंबित आलापाइतकीच खडतर साधनेची आहे, आणि ती चुकली तर झाकायला आडोसाही नसतो. १९६४ च्या ‘मराठा तितुका मेळवावा’ या चित्रपटातील ‘रेशमाच्या रेघांनी’ ही लावणी पाहा: शब्द शांता शेळके यांचे, संगीत ‘आनंदघन’ या टोपणनावाखाली स्वतः लताबाईंचे, आणि कंठ आशाताईंचा. तीन असामान्य मराठी स्त्रिया एका खेळकर लावणीसाठी एकत्र आल्या. एखाद्या गंभीर भावगीतासाठी अशा तिघी एकत्र आल्या असत्या तर त्यावर आपण किती लिहिले असते!

या दुजाभावामागे राजसत्तेचाही हात होता. १९५२ साली माहिती व नभोवाणी खात्याचा कारभार डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी गृहस्थांच्या हाती आला, आणि त्यांच्या कारकिर्दीच्या प्रारंभीच चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. केसकरांचा हेतू मलीन नव्हता. अभिजात संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात सुरू झाला, आणि अनेक थोर गवयांना त्या माध्यमाने मायेचा आसरा दिला, ही त्यांची कामगिरी कृतज्ञतेने स्मरावी अशीच आहे. परंतु रयतेने कोणत्या गाण्याने सुखावून जावे याचे फर्मान कचेरीतून काढता येत नाही. श्रोत्यांनी आपल्या संचाची सुई सिलोनकडे वळवली, त्याच वर्षाच्या अखेरीस अमीन सायानींची बिनाका गीतमाला तेथून सुरू झाली, आणि अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविधभारती काढून सरकारला त्या हद्दपार गाण्यांना सन्मानाने परत बोलवावे लागले. कॉर्नरशॉपच्या गाण्यात साध्या राहणीचा सरकारी पुरस्कार आणि ऑल इंडिया रेडिओ हे दोन्ही येतात, तेव्हा मला हा सारा इतिहास त्यात ऐकू येतो. तजिंदर सिंगच्या मनात नेमके काय होते ते त्याचे त्याला ठाऊक, पण ते शब्द येथे घडलेल्या गोष्टींवर अचूक बसतात.

वस्तुतः उल्हास आणि आशय यांचे वैर मराठी परंपरेला मान्यच नाही. आमच्या मावळात इंद्रायणीच्या काठी इंदोरीजवळ भंडाऱ्याचा डोंगर आहे, जेथे तुकोबा एकांतात बसत. त्याच तुकोबांचे अभंग घेऊन वारकरी टाळमृदंगाच्या ठेक्यावर पावली खेळतात, उड्या मारतात, फुगड्या घालतात, आणि त्यामुळे अभंगातील तत्त्व हलके झाले असे कोणी म्हणत नाही. एकनाथांच्या भारुडात तर विनोद, नाच, सोंग आणि वेदान्त एकाच पदात नांदतात. आशाताईंचे वडील दीनानाथ यांची नाट्यपदे, ज्यांच्या संस्कारात त्या वाढल्या, तीही तडफेची, झेपावणारी, प्रसंगी बेभान होणारी होती. मग चित्रपटातील उडते गाणे ऐकताना आपण आपली ही वहिवाट का सोडली, हे कोडे मला उलगडत नाही.

त्याच १९९८ साली, कॉर्नरशॉपचे गाणे अग्रस्थानी पोहोचल्यानंतर चार महिन्यांनी, ‘गुलाम’ हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि नितीन रायकवार यांनी लिहिलेल्या, जतीन-ललित यांनी चाल दिलेल्या, आमिर खान व अलका याज्ञिक यांनी गायिलेल्या ‘आती क्या खंडाला’ने आमच्या गावाचे नाव देशभर केले. खंडाळा म्हटले की समोरच्याने हसून त्या गाण्याची ओळ फेकायची, असा तेव्हापासून शिरस्ताच पडला. येथील कित्येकांना तो नकोसा वाटतो, आणि त्यांची तक्रार मी समजू शकतो. पण ते गाणे पुन्हा ऐकावे असे मी त्यांना सुचवीन. मुंबईच्या वस्तीतला, खिशाने रिकामा, शब्दांनी अडखळणारा एक पोरगा आपल्या मैत्रिणीला एक दिवसाची मोकळीक देऊ पाहतो. ती विचारते, तिथे जाऊन करायचे काय. आणि त्याला उत्तर सुचते ते केवळ हिंडण्याफिरण्याचे, नाचण्यागाण्याचे, ऐष करण्याचे. ज्या शहरात दोन माणसांना बोलण्यासाठी एक कोपरा मिळत नाही, एका खोलीत तीन पिढ्या झोपतात, त्या शहरातल्या गरिबाचे स्वप्न घाटमाथ्यावरच्या धुक्याइतकेच असते, हे त्या गाण्याने सांगितले. आपण ऐकले ते फक्त त्यातले आमंत्रण, आणि त्यावर डोळे मिचकावले.

ज्या घाटाने तो पोरगा येणार, त्या बोरघाटातून १८६३ साली रेल्वे वर चढली ती पटकीने आणि अपघातांनी मेलेल्या असंख्य मजुरांच्या श्रमावर. आणि ज्या मुंबईतून तो येणार, तिच्या जलविद्युतेचा इतिहासही आमच्याच डोंगरात सुरू होतो. १९११ साली लोणावळ्यास टाटांच्या जलविद्युत योजनेची कोनशिला बसली. लोणावळा, वळवण व शिरोता येथील तलावांत आमच्या पावसाचे पाणी अडवून ते नळांवाटे खाली खोपोलीच्या वीजगृहावर सोडण्यात आले, आणि १९१५ पासून त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. पुढे शेजारच्या मुळशीत दुसरे धरण उभे राहू लागले, तेव्हा वाडवडिलांची भातखाचरे पाण्याखाली जाऊ नयेत म्हणून मावळ्यांनी १९२१ साली सत्याग्रह आरंभला, सेनापती बापटांनी त्यापायी कारावास सोसला. जमिनी गेल्या त्या गेल्याच. मुंबईच्या ज्या ध्वनिमुद्रणगृहांत आशाताईंची गाणी तबकडीवर उतरली, ज्या चित्रगृहांत ती झळकली, त्या शहराच्या दिव्यांत या बुडालेल्या खाचरांचा वाटा होता. वुल्व्हरहॅम्प्टनच्या त्या मुलाने सिनेमाचा प्रकाश आणि धरणे यांना एकाच कडव्यात आणून ठेवले. त्याला मुळशी ठाऊक असण्याचे कारण नाही, पण आम्हाला आहे. म्हणून ते कडवे वेगाने निघून जाते तेव्हा मला हळहळ वाटते. धरणांच्या पाण्याचा वाद पुढेही चालू राहिला. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवना धरणाचे पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडकडे नेण्याच्या योजनेविरुद्ध बऊर येथे द्रुतगती मार्गावर शेतकरी उतरले, गोळीबार झाला आणि तीन जण प्राणास मुकले.

इशाऱ्यांची तमा नाही, या शब्दांविषयी मात्र येथे एक खुलासा करणे मला अगत्याचे वाटते. वर्षाऋतूत लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या पायऱ्यांवर, जे धरण एके काळी रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांसाठी बांधले गेले, गाण्यांच्या गजरात हजारो तरुण भिजतात, आणि त्यांच्या आनंदाचा मला मत्सर नाही. पण ३० जून २०२४ रोजी त्या धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण, त्यांत मुलेही, वाहून गेले, आणि त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांनी मनाईचे हुकूम काढले. गाणे कोणते ऐकावे याविषयीचा सरकारी इशारा झुगारणे, आणि प्रवाह किती वेगाने चढतो याविषयीचा इशारा झुगारणे, या दोहोंत जो भेद आहे तो उन्मादात विसरला जातो. गाणे मोठ्याने लावले की पाण्याचा बदललेला आवाज ऐकू येत नाही, हे आमच्या गावातील कोणीही सांगेल.

कॉर्नरशॉपच्या त्या गाण्यानंतरही ब्रिटिश चमूंचे महाराष्ट्राकडे येणे झालेच. कोल्डप्लेने आपल्या ‘हिम फॉर द वीकेंड’ या गाण्याचे चित्रण वरळीच्या कोळीवाड्यात व वसईच्या किल्ल्यात केले, २०१६ च्या जानेवारीत ते जगापुढे आले, आणि होळीचे रंग, साधू, मोर अशा ठरावीक देखाव्यांवरून वाद माजला. २०२५ च्या जानेवारीत तोच चमू नव्या मुंबईत गायला, तेव्हा येथूनही पुष्कळ तरुण द्रुतगती मार्गाने खाली उतरले. त्या वादात शिरण्याची मला आवश्यकता वाटत नाही. एवढेच म्हणेन की कोल्डप्लेच्या चित्रफितीत आमचा देश नजरेला दिसतो, पण त्यात कोणाचे नाव घेतलेले नाही. कॉर्नरशॉपने नावे घेतली. अमेरिकेतील क्रोनॉस क्वार्टेटनेही २००५ साली राहुलदेव बर्मन यांच्या रचना आशाताईंच्याच आवाजात नव्याने ध्वनिमुद्रित करून, चार तंतुवाद्यांच्या गंभीर परंपरेत त्या खेळकर चालींना बरोबरीचे आसन दिले.

हे नाव घेण्याचे काम आपल्याकडे अपुरे राहिले आहे. जुन्या तबकडीच्या मधल्या कागदावर गायिकेचे नाव असते, संगीतकाराचे असते, कवीचे आणि चित्रपटाचे असते. पण ज्याच्या ढोलकीवाचून ती लावणी उभी राहिली नसती तो ढोलकीवाला, ज्याने अॅकॉर्डियनवर मधली जागा भरली तो गोव्याचा वादक, ज्यांनी पाठीमागून ठेका धरला त्या कोरसमधल्या मुली, यांचा तेथे मागमूस नसतो. मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सने १९९० पासून तबकड्यांच्या जतनाचे जे कार्य चालवले आहे, आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जे दस्तऐवज साठलेले आहेत, त्यांच्या आधारे मराठी उडत्या गाण्यांच्या वादकांची एक नोंदवही सिद्ध करणे अशक्य नाही. राज्याच्या सांस्कृतिक खात्याने ते काम हाती घ्यावे, विद्यापीठातील संगीताच्या विभागांनी त्यासाठी विद्यार्थी द्यावेत, आणि त्या पिढीतील जे थोडे वादक अद्याप हयात आहेत त्यांच्या आठवणी, त्यांची वये पाहता, याच वर्षी ध्वनिमुद्रित करून घ्याव्यात.